यंत्र तयार आहे, खेळ कोण देणार?

ताकदवान गेम-कन्सोल बाजारात का आपटतात आणि बाहेरचे गेमकार त्यांना कसा हात देतात, याची गोष्ट

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर नव्या गृहसंकुलात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना तिथलं पहिलं वर्ष चांगलं लक्षात असतं. फ्लॅट हवेशीर, लिफ्ट चकचकीत, क्लबहाउस तयार. पण तळमजल्यावरच्या दुकानांची शटरं खाली ओढलेली. कोथिंबिरीची एक जुडी हवी असली तरी गाडी काढायची आणि त्या रस्त्यावरच्या वाहतुकीत शिरायचं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "आधी माणसं राहायला येऊ देत, मग दुकान लावतो." फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब म्हणतं, "खाली साधं वाण्याचं दुकान नाही, इथे राहायचं कसं?"

दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच शटर उघडत नाही.

बेलंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलारम, दोम्मसंद्र अशी गावं पोटात घेत हा रस्ता थेट सर्जापूरपर्यंत जातो. त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या संकुलांनी ही कोंडी अनुभवली आहे. आता याच संकुलांमधल्या एखाद्या घराचं कपाट उघडून बघावं. जुन्या चार्जरांच्या गुंत्यात कधीतरी एक काळं, गुळगुळीत, दोन्ही हातांत धरायचं यंत्र सापडतं: सोनीचं प्लेस्टेशन व्हीटा. २०१२ मध्ये ते भारतात वीस हजार रुपयांच्या घरात मिळायचं. त्या काळात त्याच्याइतका सुंदर पडदा आणि त्याच्याइतकी ताकद असलेलं खेळण्याचं दुसरं यंत्र खिशात मावत नव्हतं. तरीही ते कपाटात गेलं. त्याच काळातलं, त्याच्यापेक्षा कितीतरी दुबळं निन्टेन्डो थ्रीडीएस मात्र जगभरात साडेसात कोटींहून अधिक खपलं.

चांगलं यंत्र मागे पडतं आणि दुबळं पुढे जातं, हे घडतं कसं? उत्तर त्या बंद शटरांपाशी आहे.

आधी दुकान की आधी बिऱ्हाड?

गेम-कन्सोल हे यंत्र मिक्सर किंवा इस्त्रीसारखं नाही. मिक्सर घरी आणला की त्याच दिवशी चटणी वाटता येते. कन्सोल नुसता आणला तर त्यात वाटायला काहीच नसतं. गेम वेगळे घ्यावे लागतात आणि त्यातले बरेचसे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने केलेले नसतात.

गेम करणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे स्टुडिओ. दुसरे, स्वतंत्र कंपन्या, ज्यांना या धंद्यात 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपण त्यांना बाहेरचे गेमकार म्हणू. ही जमात जन्माला आली १९७९ मध्ये. अटारी या अमेरिकन कंपनीत गेम लिहिणारे काही प्रोग्रामर नाव आणि मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडले, त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी गेम विकायला सुरुवात केली. तोवर यंत्र ज्याचं, खेळही त्याचेच असायचे.

तेव्हापासून कन्सोल हे गृहसंकुल झालं. यंत्र बनवणारी कंपनी म्हणजे बिल्डर, यंत्र विकत घेणारे म्हणजे रहिवासी, बाहेरचे गेमकार म्हणजे दुकानदार. रहिवासी येतात ते दुकानं पाहून आणि दुकानं येतात ती रहिवासी मोजून. अशा बाजाराला अर्थशास्त्रज्ञ दुहेरी बाजार म्हणतात. चाक एकदा फिरलं की स्वतःच्या वेगाने फिरत राहतं: लोक आले म्हणून गेम आले, गेम आले म्हणून आणखी लोक आले. पण तेच चाक उलटंही तितक्याच वेगाने फिरतं.

स्टुडिओची खतावणी

बाहेरच्या गेमकाराला यंत्राबद्दल राग-लोभ नसतो. त्याच्यापुढे हिशोबाची वही असते. एक काल्पनिक हिशोब मांडून बघू.

मानू या, एखादा मोठा गेम करायला २० कोटी रुपये लागतात आणि तो २,००० रुपयांना विकला जातो. त्यातून ऑनलाइन दुकानाचा वाटा जातो. वर्षानुवर्षं हा वाटा साधारण ३० टक्के राहिला आहे. मग कर, जाहिरात, वितरण. शेवटी स्टुडिओच्या हातात प्रतीमागे १,००० रुपये पडतात असं धरू. यंत्र १ कोटी घरांत असेल आणि त्यातल्या ४ टक्के लोकांनी गेम घेतला, तर ४ लाख प्रती खपतात आणि ४० कोटी येतात. खर्च वजा जाता २० कोटी उरतात.

आता तेच यंत्र फक्त ३० लाख घरांत आहे असं समजा. गेम तितकाच चांगला आहे आणि ४ टक्के लोक तो घेतातही. पण प्रती होतात १ लाख २० हजार आणि मिळतात १२ कोटी. म्हणजे ८ कोटींचा खड्डा. गेम नापास झाला नाही, लोकांना तो आवडला, तरी स्टुडिओ बुडाला.

या हिशोबात आणखी एक पेच आहे तो वेळेचा. मोठा गेम तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे स्टुडिओला आजच्या रहिवाशांची संख्या बघून भागत नाही, दोन वर्षांनंतरच्या संख्येचा अंदाज बांधावा लागतो. 'हे यंत्र चालणार नाही' अशी कुजबुज सुरू झाली की पाच-दहा स्टुडिओ हात आखडता घेतात. दोन वर्षांनी त्या यंत्रावर खरोखरच गेम नसतात, लोक ते घेत नाहीत आणि कुजबुज खरी ठरते. बँकेबाहेर रांग लागली की भक्कम बँकही हादरते, तसंच हे आहे.

पंगतीचं जेवण डब्यात

"मोठ्या कन्सोलवरचा तयार गेमच या छोट्या यंत्रावर का टाकत नाहीत?" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करण्याला 'पोर्ट करणं' म्हणतात. ते कामही सोपं नसतं.

लग्नाच्या पंगतीतलं जेवण डब्यात भरून द्यायचं आहे असं समजा. केळीच्या पानावर जे ऐसपैस मावत होतं ते चार कप्प्यांत बसवायचं. कढी सांडणार नाही असं बघायचं, पापड मऊ पडू द्यायचा नाही. काही पदार्थ कमी करावे लागतात, काही वेगळ्या पद्धतीने करावे लागतात. हातातल्या कन्सोलचंही तसंच. व्हीटाची मुख्य मेमरी ५१२ एमबी होती. बॅटरी काही तासांची. पडदा पाच इंची, त्यामुळे टीव्हीवर सहज वाचता येणारी अक्षरं तिथे मुंगीएवढी दिसतात. चित्रं हलकी करायची, अक्षरं मोठी करायची, बटणांची मांडणी बदलायची, आणि हे सगळं करून यंत्र तापणार नाही, अडखळणार नाही याची चाचणी घ्यायची. यासाठी माणसं लागतात, महिने लागतात. थोड्या गिऱ्हाइकांसाठी हा डबा भरायचा का, हा प्रश्न प्रत्येक स्टुडिओपुढे उभा राहतो.

व्हीटाचं काय बिनसलं?

व्हीटा १७ डिसेंबर २०११ रोजी जपानमध्ये आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये इतर देशांत आलं. अमेरिकेत त्याची किंमत २४९ डॉलर होती. त्याआधीचं सोनीचं पीएसपी साडेसात कोटींहून अधिक खपलं होतं, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. पण तीन गोष्टी एकदम आडव्या आल्या.

पहिली, मेमरी कार्ड. गेम साठवायला व्हीटाला सोनीचंच खास कार्ड लागायचं. ३२ जीबीच्या कार्डाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत होती १०० डॉलर. म्हणजे २४९ डॉलरचं घर घेतल्यावर माळ्यासाठी आणखी १०० डॉलर मोजायचे. रहिवासी उंबरठ्यावरूनच परत फिरू लागले.

दुसरी, खिशातला फोन. २०१२ पर्यंत स्मार्टफोनवर फुकट किंवा नाममात्र किमतीत गेम मिळू लागले होते. बसच्या थांब्यावर दहा मिनिटं खेळणाऱ्याला वेगळं यंत्र बाळगायची गरज उरली नाही.

तिसरी आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे मोठ्या दुकानदाराने पत्ता बदलला. जपानमध्ये पीएसपी घराघरांत पोहोचलं त्यात कॅपकॉम कंपनीच्या 'मॉन्स्टर हंटर' या मालिकेचा मोठा वाटा होता. तिचा २०१० मध्ये आलेला पीएसपीवरचा भाग एकट्या जपानमध्ये ४० लाखांहून अधिक खपला. मित्रांनी एकत्र बसून खेळायचा तो गेम. एकाने घेतला की चौघांना यंत्र घ्यावंच लागायचं. व्हीटा दुकानात यायच्या आधीच, सप्टेंबर २०११ मध्ये, या मालिकेचे पुढचे गेम निन्टेन्डो थ्रीडीएसवर येणार असल्याचं जाहीर झालं. संकुलाचं उद्घाटन व्हायच्या आत तळमजल्याचा सगळ्यात मोठा गाळा रिकामा झाला.

पाश्चात्त्य कंपन्यांनीही हात राखूनच काम केलं. 'बायोशॉक' या गाजलेल्या मालिकेचा व्हीटावरचा गेम २०११ मध्ये जाहीर झाला, तो कधीच आला नाही. 'कॉल ऑफ ड्युटी'चा व्हीटावरचा भाग नोव्हेंबर २०१२ मध्ये आला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. युबीसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड ३: लिबरेशन' हा मनापासून केलेला प्रयत्न होता, पण एका दुकानावर बाजारपेठ उभी राहत नाही. सोनीने अमेरिकेत किंमत २०० डॉलरपर्यंत खाली आणली तेव्हा ऑगस्ट २०१३ उजाडला होता, म्हणजे दीड वर्ष हातचं गेलं होतं. २०१५ मध्ये तर कंपनीच्या अधिकाऱ्याने व्हीटासाठी सोनीचा स्वतःचा एकही नवा गेम तयार होत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं.

निन्टेन्डोने कोंडी कशी फोडली

थ्रीडीएसची सुरुवातही अशीच वाईट होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये ते बाजारात आलं, अमेरिकेत २५० डॉलरला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात मिळून फक्त ७ लाख १० हजार यंत्रं खपली. बाहेरचे गेमकार काढता पाय घेतील अशी ही स्थिती होती.

निन्टेन्डोने काही महिन्यांत पावलं उचलली. ऑगस्ट २०११ मध्ये किंमत २५० वरून १७० डॉलरवर आणली. आधी जास्त पैसे मोजलेल्या ग्राहकांना वीस जुने गेम भेट दिले. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मारिओचे दोन मोठे गेम लागोपाठ बाजारात आणले. गृहसंकुलाच्या भाषेत सांगायचं तर बिल्डरने भाव उतरवला आणि दुकानदारांची वाट न बघता तळमजल्यावर स्वतःची दोन दुकानं थाटली. लोक आले. मग 'मॉन्स्टर हंटर' आला आणि त्याच्या मागोमाग इतरही.

भाव उतरवणं आणि स्वतःचे गेम आणणं या दोन किल्ल्या आहेत. पण त्या वेळेत फिरवाव्या लागतात. बाहेरच्या स्टुडिओंनी दोन वर्षांपुढचा अंदाज बांधण्याआधीच त्यांना बदल दिसायला हवा.

हातगाड्या आल्या

व्हीटाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही, आणि तिचा सर्वांत शिकण्यासारखा भाग पुढेच आहे.

सर्जापूर रोडवरच्या अर्ध्या रिकाम्या संकुलाच्या फाटकाशी सगळ्यात आधी कोण येतं? सुपरमार्केट येत नाही. भाजीची हातगाडी येते. तिला गाळा लागत नाही, अनामत लागत नाही. चाळीस बिऱ्हाडं असली तरी सकाळची विक्री होते. वर दुसरं दुकानच नसल्याने चाळीसही घरं तिच्याकडेच येतात.

हिशोबाच्या वहीत हे बसवून बघू. एका छोट्या चमूचा गेम संगणकावर आधीच तयार आहे. तो पोर्ट करायला २५ लाख रुपये लागतात. किंमत ५००, हातात पडतात ३००. यंत्र त्याच ३० लाख घरांत आहे. फक्त १ टक्का लोकांनी घेतला तरी ३० हजार प्रती होतात आणि ९० लाख येतात. ज्या आकड्यावर मोठा स्टुडिओ ८ कोटींनी बुडाला, त्याच आकड्यावर हा चमू ६५ लाख कमावतो.

सोनीच्या युरोपातल्या शाखेत शाहिद अहमद नावाचे अधिकारी होते. १९८० च्या दशकात त्यांनी घरच्या छोट्या संगणकांसाठी एकट्याने गेम लिहिले होते. १९८५ चा 'कायमेरा' हा त्यांचाच. छोट्या गेमकाराची अडचण त्यांना अनुभवाने ठाऊक होती. त्यांनी स्वतंत्र चमूंना शोधून काढलं, व्हीटाच्या मालकांना कोणते गेम हवेत हे समाजमाध्यमांवर थेट विचारलं आणि त्या गेमकारांचा रस्ता सोपा करायला सुरुवात केली. एकदा पैसे भरले की तोच गेम टीव्हीवरच्या प्लेस्टेशनवर आणि व्हीटावर, दोन्हीकडे खेळता येण्याची सोयही सोनीने अनेक गेमसाठी दिली. त्यामुळे ग्राहकाची जोखीम कमी झाली.

हातगाड्यांची रांग लागली. 'हॉटलाइन मायामी', 'ग्वाकामेली', 'स्पेलंकी', 'थॉमस वॉज अलोन'. लंडनच्या रोल-सेव्हन या छोट्या स्टुडिओने 'ऑलीऑली' हा स्केटबोर्डचा गेम जानेवारी २०१४ मध्ये आधी व्हीटावरच आणला आणि पुढच्या वर्षी त्याला क्रीडा विभागातला बाफ्टा पुरस्कार मिळाला. तिकडे जपानमध्ये मध्यम आकाराच्या कंपन्यांनी कथाप्रधान गेम आणणं चालू ठेवलं. अ‍ॅटलसचा 'पर्सोना ४ गोल्डन' घेण्यासाठी लोकांनी व्हीटा विकत घेतल्याची उदाहरणं खूप आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत लिमिटेड रन गेम्स ही कंपनी निघाली. फक्त डाउनलोड म्हणून मिळणाऱ्या गेमच्या मोजक्या प्रती छापून ती संग्राहकांना विकायची, आणि तिची सुरुवात व्हीटाच्या गेमनेच झाली. शेतीचा लाडका गेम 'स्टारड्यू व्हॅली' व्हीटावर आला तो मे २०१८ मध्ये, यंत्र निघाल्यावर सहा वर्षांनी.

यातून व्हीटा धंद्याच्या दृष्टीने तगलं का? नाही. सोनीने त्याचे स्वतंत्र विक्रीचे आकडे देणं थांबवलं. जाणकारांचे अंदाज एक ते दीड कोटीच्या आसपास फिरतात. मार्च २०१९ मध्ये उत्पादन बंद झालं. हातगाड्या संकुलात राहणाऱ्यांची सोय करतात, पण नव्या हजार कुटुंबांना तिथे खेचून आणत नाहीत. मात्र ज्यांनी ते यंत्र घेतलं होतं, त्यांना कंपनीने पाठ फिरवल्यानंतरही कित्येक वर्षं नवे गेम मिळत राहिले.

एखाद्या बाहेरच्या छोट्या कंपनीने चमत्कार घडवल्याचं उदाहरणही इतिहासात आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ चा. १९९६ पर्यंत ते म्हातारं यंत्र झालं होतं. त्या वर्षी २७ फेब्रुवारीला गेम फ्रीक या स्वतंत्र जपानी स्टुडिओने सुमारे सहा वर्षं खपून केलेला गेम आला: 'पोकेमॉन'. गेम बॉयला दुसरं आयुष्य मिळालं, आणि त्याच्या रंगीत आवृत्तीसह एकूण विक्री ११ कोटी ८६ लाखांच्या पुढे गेली.

बंगळुरूचं 'गोलगोली'

ज्या शहरात सर्जापूर रोड आहे, त्या शहराने स्वतःचं एक हातातलं यंत्र घडवलं होतं. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांच्या पुढाकारातून सिम्प्युटर साकारला. साध्या माणसाला परवडेल, त्याच्या भाषेत बोलेल असा तळहातावरचा संगणक, ही त्यामागची कल्पना. २००१ मध्ये त्याचा नमुना सादर झाला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली 'अमिडा' ही आवृत्ती विक्रीला आली.

तो काही गेम-कन्सोल नव्हता. पण अमिडामध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर होता आणि त्यावर 'गोलगोली' नावाचा खेळ होता. यंत्र कलतं करायचं आणि पडद्यावरची गोटी घरंगळत न्यायची. फोन तिरपा करून गाडी वळवण्याचे खेळ पुढे जगभर लोकप्रिय झाले. बंगळुरूच्या यंत्रात ती युक्ती आयफोनच्या तीन वर्षं आधी आली होती.

तरीही सिम्प्युटर काही हजारांपलीकडे गेला नाही. त्याची रचना खुली होती, त्यावर काम करायला बाहेरच्यांना मोकळीक होती. पण मोकळीक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. काही हजार यंत्रांसाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहून कुणाचं घर चालणार? 'गोलगोली' निर्मात्यांनी स्वतः केला, त्याच्या जोडीला बाहेरून दुसरे पन्नास खेळ आले नाहीत. तोवर स्वस्त मोबाइल फोन गावोगाव पोहोचला. विप्रोचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे, चिप आखणारे हजारो अभियंते ज्या पट्ट्यात रोज कामाला जातात, त्या शहराला यंत्र घडवण्याची विद्या कधीच कमी पडली नव्हती. कमी पडली ती दुकानदारांची रांग.

पुण्याची 'राजी'

आता वहीच्या दुसऱ्या बाजूने, दुकानदाराच्या जागेवरून बघू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. २०१७ च्या अखेरीस लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न झाला, तो फसला. चमूने स्वतःची पुंजी घालून काम चालू ठेवलं, पुढे प्रकाशक मिळाला.

१८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आला, तो सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर. संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. स्विच हे टीव्हीला जोडता येणारं आणि हातातही धरता येणारं यंत्र तोवर जगात सहा कोटींहून अधिक खपलं होतं. भारतात मात्र ते अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. म्हणजे पुण्यात तयार झालेली, भारतीय पुराणकथांवर उभी असलेली राजी पहिल्यांदा अशा यंत्रावर गेली जे पुण्याच्या दुकानात कंपनीकडून मिळत नव्हतं. हिशोब सरळ होता: जिथे रहिवासी जास्त आणि छोट्या दुकानाला दर्शनी जागा, तिथे गाळा. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी 'राजी'ला नामांकन मिळालं.

हे शक्य झालं त्याला तांत्रिक कारणही आहे. 'राजी' अनरिअल इंजिनवर घडवली गेली. गेम-इंजिन म्हणजे तयार पायाभूत साहित्याचा संच. प्रकाश कसा पडावा, पात्र कसं धावावं, आदळल्यावर काय व्हावं, याची मूळ व्यवस्था त्यात असते. एकच इंजिन अनेक यंत्रांसाठी गेम तयार करून देतं, त्यामुळे पंगतीचा डबा करण्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. प्रवेशाचा खर्च उतरला की छोट्या यंत्रापर्यंत जाणाऱ्या हातगाड्या वाढतात.

दुभाष्याचा मार्ग

गेल्या काही वर्षांत कोंडी फोडण्याची आणखी एक रीत पुढे आली आहे. नवी दुकानं आणायचीच नाहीत. संकुलातून जुन्या भरलेल्या बाजारात थेट रस्ता काढायचा.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीला हे ठेच लागून कळलं. २०१५ मध्ये तिने लिनक्सवर चालणारे गेमिंग संगणक बाजारात आणवले. लिनक्ससाठी गेम थोडे, म्हणून ते आपटले. मग कंपनीने 'प्रोटॉन' नावाचा प्रोग्राम तयार करून घेतला. तो दुभाष्याचं काम करतो. विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजच्या भाषेत मागण्या करतो, प्रोटॉन त्या लिनक्सच्या भाषेत सांगतो, आणि गेमला आपण परक्या घरात आहोत याचा पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक हे हातातलं यंत्र आलं तेव्हा त्याच्यासाठी खास गेम बनवायची वाट बघावी लागली नाही. हजारो जुने गेम पहिल्या दिवसापासून हाताशी होते. २०२३ मध्ये भारतात सुमारे सत्तर हजार रुपयांना आलेल्या असूसच्या आरओजी अ‍ॅलायने तर यंत्रात विंडोजच घातलं.

पण दुभाषा सगळं करू शकत नाही. मुंगीएवढी अक्षरं तशीच राहतात, बटणांची अडचण राहते. म्हणून कोणता गेम स्टीम डेकवर नीट चालतो हे तपासून व्हॉल्व्ह त्यावर तसा शिक्का मारते. अक्षरं मोठी करायला शेवटी बाहेरच्या गेमकारालाच हात लावावा लागतो.

थोडक्यात

• कन्सोलचा बाजार दुहेरी असतो: ग्राहक गेम बघून येतात, गेमकार ग्राहक मोजून येतात.
• बाहेरचा गेमकार दोन-तीन वर्षांपुढचा अंदाज बांधून पैसे गुंतवतो, त्यामुळे शंका स्वतःलाच खरी ठरवते.
• कोंडी फोडण्याचे चार मार्ग: किंमत वेळेत उतरवणं, स्वतःचे दमदार गेम आणणं, छोट्या गेमकारांचा प्रवेश सोपा करणं, आणि जुने गेम नव्या यंत्रावर चालवणारा दुभाषा देणं.
• थ्रीडीएस पहिल्या दोन मार्गांनी सावरलं. व्हीटाला तिसऱ्याने जास्तीची काही वर्षं दिली. स्टीम डेकने चौथा मार्ग धरला.

पैसे मोजण्याआधी

मार्च २०२१ मध्ये सोनीने व्हीटाचं ऑनलाइन दुकान त्या ऑगस्टमध्ये बंद करायचं ठरवलं होतं. ग्राहकांनी इतकी नाराजी व्यक्त केली की तीनच आठवड्यांत, १९ एप्रिलला, कंपनीने निर्णय मागे घेतला. उत्पादन थांबून दोन वर्षं झालेल्या यंत्राचं दुकान लोकांना हवं होतं ते तिथल्या गेमसाठी, आणि त्यातले बहुतेक गेम बाहेरच्यांनी केलेले होते.

तेव्हा येत्या वाढदिवसाला मुलांसाठी किंवा स्वतःसाठी हातातला कन्सोल घ्यायचा विचार असेल, तर दुकानदार दाखवेल तो पडदा आणि सांगेल तो प्रोसेसर बघून झाल्यावर आणखी दहा मिनिटं द्या. त्या यंत्रावर पुढच्या वर्षी येणाऱ्या गेमची यादी काढा. त्यात यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव सोडून आणखी किती स्टुडिओंची नावं आहेत ती मोजा. छोटे, अनोळखी चमू त्यात दिसतात का ते बघा. मगच पैसे मोजा.